दाराची रुंदी आणि रात्रपाळीच्या मावशी

अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचाला जाऊन येणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा ठेवणे आणि ताटातला घास तोंडापर्यंत नेणे. ही सहा कामे माणूस आयुष्यभर कुणाला न सांगता, न विचारता उरकत असतो. अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये याच कामांची मोजपट्टी तयार केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. यातले कोणते काम दुसऱ्याच्या हाताशिवाय होत नाही, ते पाहून एखाद्या वृद्धाला किती आधार लागेल याचा अंदाज बांधतात. स्वयंपाक, खरेदी, फोन, औषधांच्या वेळा, पैशांचे व्यवहार अशा कामांची दुसरी यादी १९६९ मध्ये तिला जोडली गेली. भारतात २०१७-१८ मध्ये 'लासी' नावाची देशव्यापी पाहणी झाली. साठीपुढच्या सुमारे २४ टक्के लोकांना पहिल्या प्रकारचे किमान एक काम अवघड जाते आणि सुमारे ४८ टक्क्यांना दुसऱ्या प्रकारचे, असे तिच्यात आढळले.

म्हणजे रुग्णालयात ठेवावे असा आजार नाही आणि घरी एकटे राहू द्यावे एवढी ताकदही नाही, अशा अवस्थेत देशातली कोट्यवधी माणसे आहेत. असिस्टेड लिव्हिंग ही सोय त्यांच्यासाठी आहे. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलात धडधाकट माणसे स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, ती गोष्ट वेगळी. निराधारांना छत आणि जेवण देणारा वृद्धाश्रमही वेगळा. इथे राहणाऱ्याची स्वतःची खोली असते, जेवणखाण आणि साफसफाई संस्था पाहते, शिवाय अंघोळीपासून औषधापर्यंत हात द्यायला चोवीस तास माणूस असतो.

या घरांची माहितीपत्रके बागेने, वाचनालयाने, छोट्या चित्रपटगृहाने भरलेली असतात. या सोयी चांगल्याच. पण तिथे राहणाऱ्याचा दिवस चांगला जाईल की वाईट, हे ठरते ते अगदी साध्या गोष्टींवर. अंघोळीची वेळ कोण ठरवतो? खोलीची कडी आतून लावता येते का? रात्री तीन वाजता घंटी दाबली तर किती वेळात कोण येते? महाराष्ट्रातल्या या साऱ्या व्यवस्थेचा आढावा घ्यायचा तर तो या प्रश्नांच्या अंगाने घ्यायला हवा.

असिस्टेड लिव्हिंगच्या कल्पनेचा उगम अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आहे. केरन ब्राउन विल्सन यांच्या आईला ऐन पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि पुढचे आयुष्य नर्सिंग होममध्ये काढावे लागले. आईचे मागणे फार थोडे होते. एक लहानशी जागा हवी, तिला स्वतःचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असावे, आपल्या आवडीच्या वस्तू जवळ असाव्यात, कुणी खोलीत येण्याआधी विचारावे. विल्सन यांनी पुढे वार्धक्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये पोर्टलंड शहरात 'पार्क प्लेस' नावाची ११२ घरांची इमारत उभी केली. दाराला आतून कडी होती. खोलीचे तापमान राहणारा ठरवी, सामान त्याचे स्वतःचे असे, कधी उठायचे आणि काय खायचे हेही तोच ठरवी. अशाने म्हातारी माणसे पडतील, मरतील, अशी टीका झाली. राज्य सरकारने रहिवाशांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले, तेव्हा १९८८ पर्यंत दिसले ते उलटेच. प्रकृती टिकून राहिली, नैराश्य घटले, आणि सरकारी मदतीवर राहणाऱ्यांचा खर्च नर्सिंग होमपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आला.

हा सगळा इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटावा असे एक कारण आहे. तो जगापुढे नेटकेपणाने मांडला तो शल्यविशारद अतुल गावंडे यांनी, 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे विदर्भातून अमेरिकेत गेले. आजोबा सीताराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावी जवळजवळ एकशे दहा वर्षांचे होईपर्यंत जगले. म्हातारपणी त्यांना रोजच्या कित्येक कामांत मदत लागे, तरी ते घोड्यावर बसून शेताची पाहणी करत. अमेरिकेत असते तर मोजपट्टी लावून त्यांची रवानगी नर्सिंग होममध्ये झाली असती, असे नातू लिहितो. उटीत मुले, सुना, नातवंडे भोवती होती, जमीन नावावर होती आणि घरात शब्दाला मान होता.

उटीचे हे चित्र हवेहवेसे आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एकत्र कुटुंबातली ही सेवा कुणाच्या हातून होत होती? बहुतेक घरांत सुनेच्या. तिला त्याचा मोबदला नव्हता, सुट्टी नव्हती, 'जमत नाही' म्हणण्याची सोय नव्हती. आज तीच सून बँकेत किंवा आयटी कंपनीत नोकरी करते, मुलगा बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत असतो आणि सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले असते. घर सोडून गेलेल्या मुलांची वाट पाहणारे आईवडील जयवंत दळवींनी 'संध्याछाया' नाटकात रंगवले, त्यालाही आता पाच दशके होऊन गेली. मुलांना कृतघ्न ठरवून हा प्रश्न सुटत नाही. कुटुंबाच्या अंगणातून जे काम बाहेर पडले आहे, ते कुणी, कसे आणि कोणत्या दराने करायचे, एवढेच ठरवायचे उरले आहे.

महाराष्ट्रात निराश्रितांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यातली 'निवारा' ही संस्था एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या दानातून उभी राहिली आणि आजही चालू आहे. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली 'प्रोव्हेदोरिया' ही सरकारी संस्था ठिकठिकाणी वृद्धांसाठी घरे चालवते. १९९५ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आणली. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांना सामावून घेणारा एक तरी आश्रम असावा, अशी तरतूद आहे. या साऱ्यामागची भावना दयेची होती. ज्याला कुणी नाही त्याला दोन वेळचे जेवण मिळावे, हा हेतू. त्यामुळे चालता-फिरता माणूस तिथे सामावला जाई. पण अंथरुणाला खिळला की कित्येक ठिकाणी नातेवाइकांना बोलावून घेऊन जायला सांगतात. मदतीची सर्वांत मोठी गरज ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी दार बंद होते.

दुसरा प्रवाह गेल्या तीस वर्षांतला. डिग्निटी फाउंडेशनने माथेरानच्या पायथ्याशी, नेरळला, ज्येष्ठांची वसाहत उभारली आणि तिथे स्मृतिभ्रंश झालेल्यांचीही सोय केली. पुण्यात परांजपे बिल्डर्सच्या 'अथश्री' संकुलांनी मध्यमवर्गीय निवृत्तांना वेगळी वाट दाखवली: घर स्वतःचे, शेजारी समवयस्क, रुग्णवाहिका दाराशी. लवासात आशियाना समूहाचे 'उत्सव' आहे. देशपातळीवर पाहिले तर कोइम्बतूर ही निवृत्तांच्या वसाहतींची राजधानीच म्हणावी, आणि त्या लाटेचा आरंभ कर्नल श्रीधरन यांच्या 'कोवईकेअर'ने केला. मात्र या संकुलांत साठीच्या उत्साहात घर घेतलेली माणसे आता ऐंशीला टेकली आहेत. फ्लॅट विकत घेताना टेनिस कोर्ट पाहिलेले असते. पंधरा वर्षांनी लागते ती पाठ चोळून देणारी बाई. म्हणून जुन्या संकुलांना असिस्टेड लिव्हिंगचा वेगळा विभाग काढावा लागतो आहे. तिसरा प्रकार शहरातल्या बंगल्यांत किंवा इमारतीच्या दोन-तीन मजल्यांत चालणाऱ्या पंधरा-वीस खाटांच्या घरांचा. पुणे, ठाणे, नाशिक भागात अशी घरे झपाट्याने वाढली. त्यांत मनापासून चालवलेली आहेत, आणि केवळ खोल्या भाड्याने देण्यापेक्षा बरा धंदा म्हणून काढलेलीही आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

अशा घरातला दिवस पहाटे सुरू होतो. रात्रपाळीच्या मावशी आठच्या सुमारास जाणार असतात, त्याआधी डायपर बदलणे, तोंड धुणे, चहा-बिस्किटे हे उरकायचे असते. मग अंघोळी. इथे एक साधा हिशेब आहे. वीस रहिवासी असतील, प्रत्येकाला नीट अंघोळ घालायला अर्धा तास लागत असेल आणि चार मावशी हाताशी असतील, तर अडीच तास लागतात. मावशी दोनच असतील तर पाच तास. मग कुणाला तरी पहाटे पाचला उठवले जाते, कुणाची अंघोळ दिवसाआड होते, आणि जी आजी स्वतः साबण लावू शकते तिच्या हातातला साबणही काढून घेतला जातो, कारण तिला पंधरा मिनिटे जास्त लागतात. असिस्टेड लिव्हिंगमधली सगळ्यांत मोठी हानी अशीच होते, कुणाचाही वाईट हेतू नसताना. ब्लाऊजची बटणे दुसऱ्याने लावली तर काम दोन मिनिटांत होते. तिची तिला लावू द्यायची, तर मावशीला दहा मिनिटे नुसते थांबावे लागते. ती दहा मिनिटे संस्थेने कुठून तरी आणायची असतात, म्हणजे एक माणूस जास्त नेमायचा असतो. न वापरलेली बोटे सहा महिन्यांत बटण लावायचे विसरतात, आणि मग सहा कामांपैकी आणखी एक काम कायमचे दुसऱ्याच्या हातात जाते.

नाश्त्याला पोहे, उपमा, नाचणीची आंबील. दुपारी मऊ भात, पातळ वरण, शिजून मेण झालेली भाजी, पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून. चांगल्या घरातला स्वयंपाकी कुणाची साखर वाढलेली आहे, कुणाचे मीठ बंद आहे, कुणाला गिळताना ठसका लागतो हे तोंडपाठ सांगतो. गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी जेवण मिक्सरमधून काढावे लागते. भात, वरण, भाजी एकत्र फिरवून करड्या रंगाचा एक लगदा वाटीत देणे सोपे असते. तेच तीन पदार्थ वेगवेगळे फिरवून तीन वाट्यांत वाढले तर माणसाला आपण काय खातो आहोत हे कळते आणि दोन घास जास्त जातात. रात्रीचे जेवण बहुतेक ठिकाणी सात-साडेसातला उरकतात, कारण स्वयंपाक्याला घरी जायचे असते. त्यानंतर सकाळच्या नाश्त्यापर्यंत तेरा तास जातात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यासाठी हे अंतर धोक्याचे असते. नऊ-दहा वाजता कपभर दूध किंवा एखादे फळ देण्याची पद्धत आहे का, हा प्रश्न जागा पाहायला जाणाऱ्या मुलामुलींनी जरूर विचारावा. बागेचे फोटो नंतर पाहिले तरी चालेल.

दुपार सर्वांत लांब असते. औषधे झाली, फिजिओथेरपिस्ट येऊन गेला, दूरदर्शनवर मालिकेचे पुनःप्रक्षेपण चालू आहे. बैठकीत खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतील तर माणसे एकमेकांकडे न पाहता समोर बघत बसतात. त्याच खुर्च्या टेबलाभोवती मांडल्या की बोलणे सुरू होते. हौजी, कॅरम, भजन, हरिपाठ, अंताक्षरी यांचे वेळापत्रक सगळीकडे लावलेले असते. तरी कार्यक्रमात भाग घेणे आणि कामाला येणे यांत फरक आहे. ज्या बाईने पन्नास वर्षे घर चालवले, तिला रंगीत खडू देऊन फुले रंगवायला बसवण्यापेक्षा मेथी निवडायला दिली, वाटाणे सोलायला दिले, वाती वळायला दिल्या, तर हात आपसूक चालतात. निवृत्त शिक्षकाला स्वयंपाकिणीच्या मुलाचा अभ्यास घ्यायला सांगितले तर त्याच्या संध्याकाळला आकार येतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावी डॉ. बिल थॉमस यांनी १९९१ मध्ये चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले, खोल्याखोल्यांत झाडे ठेवली. पाखरांना दाणा घालायचा, कुत्र्याला फिरवून आणायचे, ही जबाबदारी रहिवाशांची. कंटाळा, एकटेपणा आणि असहायता हे तीन रोग तिथे औषधांनी बरे होत नाहीत, असे त्यांचे निदान होते. शेजारच्या दुसऱ्या नर्सिंग होमशी तुलना केली तेव्हा माणशी औषधांचे प्रमाण निम्म्यावर आलेले दिसले आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे शंभर पक्षी आणायची गरज नाही. तुळशीला पाणी घालायचे काम ठरावीक एका आजोबांचे असले, आणि ते आजारी पडल्यावर तुळस सुकते आहे हे कुणाच्या तरी लक्षात आले, तरी पुष्कळ झाले.

खोलीचे महत्त्वही असेच. आपली खाट, आपली आरामखुर्ची, भिंतीवर यजमानांचा फोटो, कपाटावर छोटा देव्हारा. काही ठिकाणी सामान आणू देत नाहीत; सगळ्या खोल्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत असा आग्रह असतो. ऑक्सिजन सिलिंडर असलेल्या इमारतीत निरांजन लावू न देणे समजण्यासारखे आहे, आणि विजेच्या समईवर बहुतेक आज्या तडजोड करतात. पण देव्हाराच नको म्हणणे, खोलीला आतून कडी न ठेवणे, दार न ठोठावता आत येणे, ही सोय संस्थेची, माणसाची नव्हे. बाहेरून उघडता येईल अशी आतली कडी बाजारात मिळते. सुरक्षितता आणि आडोसा दोन्ही तिच्यात साधतात.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट निराळी. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, तो आहे असा अंदाज लासीच्याच पुढच्या अभ्यासातून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे शरीराने कधीकधी ठणठणीत असतात. ती चालत निघून जातात, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात, 'मला घरी जायचंय' म्हणून दाराशी उभी राहतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे असेच निघून जातात, आणि त्यांना खरे समजून घेते ती हत्तीवाल्याची अडाणी बायको, जी त्यांना लेकरू मानून जेवू घालते. शिकलेल्या घराला जे सुचत नाही ते तिला सुचते. नालासोपाऱ्याजवळ राजोडी इथे 'सिल्व्हर इनिंग्ज'ने 'स्नेहांजली' हे स्मृतिभ्रंशासाठीचे घर चालवून दाखवले. मुंबई-पुण्यात अशी आणखी काही घरे आहेत, पण गरजेपुढे ती फारच थोडी. इथे सगळ्यात जास्त लागते ते बोलण्याचे कसब. 'तुमचे घर विकले, तुमचे यजमान वारले' असे दर संध्याकाळी सांगितले तर त्या बाईला दर संध्याकाळी नव्याने वैधव्य येते. 'चला, आधी चहा घेऊ, मग निघू' म्हणून हात धरणारी मावशी औषधाची एक गोळी वाचवते. जिथे माणसे कमी, तिथे हेच काम झोपेच्या गोळ्यांवर सोपवले जाते.

म्हणून या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे मावशी आणि मामा. मराठवाड्यातून, विदर्भातून, झारखंड-ओडिशातून शहरात आलेल्या या बायका-पुरुषांपैकी बरेचसे माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, आणि नातेवाइकाने दिलेल्या पैशांतला एक भाग ब्युरो कापून घेतो. 'जनरल ड्यूटी असिस्टंट'चा काही महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, केंद्राच्या राष्ट्रीय समाजरक्षण संस्थेचे वृद्धसेवेचे वर्गही आहेत. पण मोठी भरती अजून 'आधी कुणाचं केलंयस का?' या एका प्रश्नावरच होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती भरायला महिने जातात. हे रात्री बारा, दोन आणि चार वाजताही करायचे असते. वीस खाटांमागे रात्री एकच मावशी असेल तर ती माणूस म्हणून कितीही चांगली असो, हे तिच्याच्याने होणार नाही. तिला बसायला खुर्ची, गरम जेवण, आठवड्याची सुट्टी आणि पाठदुखीवर उपचार मिळतात का, हेही पाहुण्याने विचारावे. ज्या घरात मावशी वर्षानुवर्षे टिकतात, तिथे आजोबांना चहात किती साखर लागते हे कागदावर लिहून ठेवावे लागत नाही.

आता पैशांचे. साध्या घरात महिन्याला वीस-पंचवीस हजारांपासून आकार सुरू होतो, आणि स्वतंत्र खोली, स्मृतिभ्रंश किंवा नळीने आहार अशी गरज असेल तर लाखाच्याही पुढे जातो. अनामत रक्कम वेगळी. डायपर, औषधे, रुग्णवाहिका, रुग्णालयात सोबतीला माणूस, हे बहुधा बिलात शेवटी चढते. याच्या समोर सरकारी आधार ठेवून पाहावा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये आहे. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचे छत्र मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोज अंघोळ घालणाऱ्या हातांचे पैसे कोणतीही सर्वसाधारण आरोग्यविमा पॉलिसी देत नाही. जीएसटीची सूटही धर्मादाय नोंदणी असलेल्या किंवा सरकारी संस्थेपुरती, आणि माणशी महिना २५,००० रुपयांच्या आत. ती मर्यादा ओलांडली की पक्षाघात झालेल्या माणसाच्या सेवेवर कर भरावा लागतो. राहते घर तारण ठेवून दरमहा पैसे देणारी उलट तारणकर्जाची योजना २००७ पासून आहे, पण ती फारशी रुजली नाही. मुलांच्या वाटणीचे घर आपण खाऊन टाकले ही भावना आईवडिलांच्या मनातून जात नाही.

जपानने यावर २००० मध्ये दीर्घकालीन सेवाविमा काढला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, निम्मा भार करांतून उचलायचा, आणि गरजेच्या सात पायऱ्या ठरवून प्रत्येकीला किती मदत मिळेल हे आधीच सांगायचे. भारत एवढा श्रीमंत नाही, हे खरे. पण २०५० पर्यंत साठीपुढची लोकसंख्या सुमारे ३५ कोटींवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्यावर जाईल असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो. आज चाळिशीत असलेले वाचक तेव्हा पासष्टीच्या घरात असतील. हप्ता सुरू करायचा तर तो त्यांच्यापासूनच करायला हवा.

कायद्याची बाजू विचित्र अर्धवट राहिली आहे. केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. मे २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, पुढचे पाऊल टाकले. ज्येष्ठांसाठी म्हणून प्रकल्प विकायचा असेल तर दारांची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न्हाणीघरात धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी, हे सारे द्यावेच लागते आणि करारात लिहावे लागते. महाराष्ट्राने हे केले याचे मोकळेपणाने कौतुक करायला हवे. न्हाणीघरात पडून मोडलेल्या खुब्यांनी कित्येक म्हातारपणे अंथरुणात गेली आहेत. पण महारेराचा अधिकार इमारतीपुरता आणि विक्रीपुरता. त्या ९०० मिलिमीटरच्या दारातून रात्री कोण आत येणार, किती जणांमागे एक, काय शिकलेले, हे ठरवणारा कायदा नाही. शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते, तो रुग्णालयांचा विचार करून लिहिलेला आहे. भाड्याच्या बंगल्यातले पंधरा खाटांचे घर या दोन कायद्यांच्या फटीत बसते. ज्येष्ठांच्या सेवागृहांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारी दुरुस्ती डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडली गेली होती. निर्वाह-भत्त्याची दहा हजारांची मर्यादाही तिच्यात काढून टाकली होती. ते विधेयक संमत न होता सतराव्या लोकसभेबरोबर बाद झाले. निती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या सेवेवर स्वतंत्र टिपण काढून हे क्षेत्र पुन्हा चर्चेत आणले. पुढची कृती राज्याने करायला हरकत नाही. नोंदणी, खाटांमागे दिवसाच्या आणि रात्रीच्या माणसांचे किमान प्रमाण, पडण्याच्या आणि जखमांच्या नोंदी ठेवण्याची सक्ती, आणि न सांगता येणारा तपासनीस: एवढ्या चार कलमांनीही बराच फरक पडेल. तक्रारीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत-क्रमांक आहे. पण स्वतः फोन लावता न येणारा माणूस तक्रार कशी करणार, याचाही विचार त्या कायद्यात असायला हवा.

एक प्रश्न प्रवेशाच्या दिवशी टाळला जातो आणि शेवटी सगळ्यांना गोंधळात टाकतो. इथे राहणारी बहुतेक माणसे इथेच शेवटचा श्वास घेणार असतात. पहाटे श्वास लागला की मावशी व्यवस्थापकाला फोन करते, व्यवस्थापक बोस्टनमधल्या मुलाला, आणि तिथून उत्तर येईपर्यंत रुग्णवाहिका येऊन नव्वदीच्या आजींना अतिदक्षता विभागात घेऊन जाते. त्यांना ते हवे होते का, हे कुणी विचारलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यानंतर महाराष्ट्रात ही पत्रे सांभाळायला स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमले गेले. प्रत्येक असिस्टेड लिव्हिंग घराच्या प्रवेश-अर्जात जेवणाच्या पथ्याशेजारीच याचाही रकाना असावा, आणि तो मुलाने नव्हे, राहायला येणाऱ्या आजी-आजोबांनी स्वतः भरावा, त्यांना सही करता येते तोवर.